ब्रिटनमध्ये घर भाड्याने दिलंय? दरवर्षीची गॅस तपासणी: नियम, प्रक्रिया आणि कागदपत्रं

लंडन, स्लाऊ, रेडिंग किंवा मँचेस्टरला काही वर्षं नोकरी केली, कर्ज काढून फ्लॅट घेतला, पुढे पुण्याला परतायचं ठरलं आणि फ्लॅट एजंटमार्फत भाड्याने दिला, अशी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. दुसरीकडे, दर सप्टेंबरला महाराष्ट्रातून शिकायला येणारी मुलं चार-पाच जणांत मिळून तिथे घर भाड्याने घेतात. घरमालक असा की भाडेकरू, एक नियम दोघांनाही माहीत हवा. घरात गॅसवर चालणारं काहीही असेल आणि ते घरमालकाचं असेल, तर दर १२ महिन्यांत एकदा त्याची सुरक्षा तपासणी करून घेणं घरमालकाला कायद्याने बंधनकारक आहे. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये हे १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांतल्या नियम ३६ मध्ये येतं. नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे, २००४ चे आहेत, पण मूळ बंधन तेच.

हा नियम आहे तो मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडमुळे. गॅस नीट जळला नाही किंवा धूर बाहेर जायची वाट तुंबली की हा वायू घरात साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने जीव गेल्याच्या बातम्या येतात, त्यामागे हाच वायू असतो. ब्रिटनमध्ये थंडीत खिडक्या बंद असतात आणि घर व पाणी तापवणारा बॉयलर रोज तासन्‌तास चालतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, थकवा ही सुरुवातीची लक्षणं फ्लूसारखी वाटतात आणि माणूस गोळी घेऊन झोपतो. म्हणून ही तपासणी मनापासून करून घ्यायची गोष्ट आहे, असं मला ठामपणे वाटतं.

अर्ज कुठे करायचा?

कुठेच नाही. सरकारी कार्यालयांची सवय असलेल्या आपल्या लोकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. यासाठी फॉर्म नाही, सरकारी फी नाही, शिक्का नाही आणि कागद कुणाकडे जमाही करायचा नाही. घरमालकाने नोंदणीकृत इंजिनिअरला बोलवायचं, त्याने तपासून नोंदपत्र द्यायचं, आणि त्याची प्रत भाडेकरूला द्यायची. या नोंदपत्राला सगळे ‘गॅस सेफ्टी सर्टिफिकेट’ किंवा ‘सीपी१२’ म्हणतात. सीपी१२ हे नाव गॅस इंजिनिअरांची नोंदणी करणाऱ्या जुन्या कॉर्गी संस्थेच्या फॉर्मवरून पडलं. १ एप्रिल २००९ पासून कॉर्गीच्या जागी ‘गॅस सेफ रजिस्टर’ आलं, तरी नाव टिकून राहिलं. आजही कुणी स्वतःला ‘कॉर्गी रजिस्टर्ड’ म्हणवत असेल, तर तेवढ्यावर विसंबू नका.

तपासणीचा खर्च घरमालकाचा. दर कायद्याने ठरलेला नाही, तो शहरानुसार आणि उपकरणांच्या संख्येनुसार बदलतो. दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यावं.

कोणाला लागू, कोणाला नाही

सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकराराने किंवा परवान्याने दिलेल्या जवळजवळ प्रत्येक निवासाला हा नियम लागतो. पूर्ण घर, फ्लॅट, एकच खोली, वसतिगृह, सुट्टीत भाड्याने दिलेलं कॉटेज, सगळं त्यात आलं. तुम्ही स्वतः त्याच घरात राहून एक खोली कुणाला भाड्याने दिलीत, तरीही तुम्ही घरमालकच. गॅस पाइपने येवो की सिलिंडरमधून, फरक पडत नाही.

तपासणीत बॉयलर, गॅसची शेगडी, ओव्हन, भिंतीतली गॅस फायर म्हणजे गॅसची शेकोटी, घरमालकाने दिलेला हलवता येणारा गॅस हीटर आणि धूर बाहेर नेणारी नळी येते. भाडेकरूने स्वतःची शेगडी आणून बसवली असेल, तर त्या शेगडीच्या तपासणीचं बंधन घरमालकावर नाही. पण तिच्यापर्यंत येणारी गॅसची पाइपलाइन सुस्थितीत ठेवणं त्याचंच काम. नियम ३६ च्या वार्षिक तपासणीत पाइपलाइन थेट येत नाही, म्हणून गळतीची चाचणीही त्याच भेटीत करून घ्या. इंजिनिअरला तसं आधीच सांगावं लागतं.

घर पूर्णपणे विजेवर चालत असेल तर या नियमाचा प्रश्न नाही.

इंजिनिअरचं कार्ड दोन्ही बाजूंनी बघा

हे काम फक्त गॅस सेफ रजिस्टरवर नोंद असलेल्या इंजिनिअरने करायचं. ओळखीचा प्लंबर कितीही हुशार असला तरी नोंदणी नसेल तर चालत नाही. प्रत्येक इंजिनिअरकडे फोटो असलेलं ओळखपत्र असतं. पुढच्या बाजूला त्याचा परवाना क्रमांक आणि मुदत असते. मागची बाजू बहुतेक लोक बघतच नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते: त्याला कोणत्या कामांची पात्रता आहे. शेगडीचं काम करू शकणारा माणूस गॅस फायरसाठी पात्र असेलच असं नाही. सिलिंडरच्या गॅसची पात्रताही वेगळी असते. क्रमांक गॅस सेफ रजिस्टरच्या संकेतस्थळावर किंवा ०८०० ४०८ ५५०० या फोनवर पडताळता येतो. भाडेकरूनेही दार उघडल्यावर कार्ड मागावं. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

इंजिनिअर उपकरणाचा गॅस दाब किंवा उष्णता बघतो, ज्वलनाला पुरेशी हवा मिळते का ते पाहतो, धूर खरोखर बाहेर जातो का याची चाचणी घेतो आणि सुरक्षा यंत्रणा वेळेवर गॅस तोडते का हे तपासतो.

ही तपासणी म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. उपकरणं सुस्थितीत ठेवणं ही घरमालकाची वेगळी जबाबदारी त्याच नियमात आहे आणि बॉयलरची सर्व्हिस कंपनीच्या सूचनांप्रमाणे करावी लागते. सीपी१२ आहे म्हणजे बॉयलरची सर्व्हिस झाली, असं धरून चालणारे घरमालक पुष्कळ आहेत. दोन्ही कामं एकाच भेटीत सांगितली तर वेळही वाचतो आणि पैसेही.

फ्लॅटवाल्यांसाठी एक खास मुद्दा. २००० नंतर बांधलेल्या अनेक इमारतींत बॉयलरची धूरनळी छताच्या किंवा भिंतीच्या पोकळीतून जाते आणि दिसत नाही. ती पाहण्यासाठी छतात किंवा भिंतीत उघडता येणारी झडप नसेल, तर इंजिनिअर बॉयलर बंद ठेवायला सांगतो. जानेवारी २०१३ पासून हीच पद्धत आहे. असा फ्लॅट घेताना किंवा भाड्याने देण्याआधी झडपा आहेत का, हे बघून घ्या. ऐन हिवाळ्यात हे उघडकीस आलं तर भाडेकरूचे फार हाल होतात.

नोंदपत्रात काय असायला हवं

तपासणीची तारीख, घराचा पत्ता, घरमालकाचं किंवा त्याच्या एजंटचं नाव-पत्ता, प्रत्येक उपकरण आणि ते कुठे आहे, सापडलेले दोष, त्यावर केलेलं किंवा करायचं काम, चाचण्या झाल्याची नोंद, आणि इंजिनिअरचं नाव, नोंदणी क्रमांक व सही. भाडेकरूची सही कायद्याने लागत नाही.

हा कागद फाईलमध्ये टाकण्याआधी वाचा. घरात बॉयलर आणि शेगडी दोन्ही असताना नोंदपत्रात फक्त बॉयलर असेल, तर शेगडीची तपासणी झालेलीच नाही. दोषांच्या रकान्यात काही लिहिलं असेल आणि पुढचा रकाना रिकामा असेल, तर काम अर्धवट राहिलंय.

घरमालकाने जवळ ठेवायची कागदपत्रं थोडीच आहेत: हे नोंदपत्र, आधीची नोंदपत्रं, बॉयलरचं माहितीपुस्तक आणि सर्व्हिसची नोंद, दुरुस्तीची बिलं, आणि भाडेकरूशी झालेला पत्रव्यवहार. इंग्लंड-वेल्समध्ये नवा बॉयलर बसवला असेल तर त्याची सूचना स्थानिक कौन्सिलला गेल्यावर मिळणारं प्रमाणपत्रही जपून ठेवा. घर विकताना खरेदीदाराचा वकील ते मागतो.

तारखांचं गणित

तपासणी झाल्यापासून २८ दिवसांच्या आत सध्याच्या भाडेकरूला प्रत द्यायची. नव्या भाडेकरूला मात्र तो राहायला येण्याआधीच द्यायची. ईमेलने दिली तरी चालते, पण भाडेकरूला ती उघडता यायला हवी आणि त्याने कागदी प्रत मागितली तर द्यायला हवी. २८ दिवसांहून कमी मुक्कामाच्या घरांत प्रत ठळक दिसेल अशी लावली तरी पुरते. नवीन उपकरणाची पहिली तपासणी ते बसवल्यापासून १२ महिन्यांच्या आत करायची. घर काही महिने रिकामं राहिलं असेल, तर नवा भाडेकरू येण्याआधीच्या १२ महिन्यांत तपासणी झालेली असायला हवी.

पूर्वी तपासणी महिनाभर आधी केली की पुढची तारीखही तेवढीच अलीकडे यायची, त्यामुळे लोक शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायचे. ६ एप्रिल २०१८ पासून हे बदललं. मुदत संपण्याआधीच्या दोन महिन्यांत तपासणी केली तर जुनीच तारीख कायम राहते. समजा मुदत १५ सप्टेंबरला संपते. १५ जुलैनंतर कधीही तपासणी केलीत तरी पुढची मुदत पुढल्या वर्षीचा १५ सप्टेंबरच. १५ जुलैच्या आधी केलीत, तर वर्ष त्या दिवसापासून मोजलं जाईल. ही सवलत दाखवायला आधीची नोंदपत्रं लागतात, म्हणून प्रत्येक नोंदपत्र पुढच्या दोन तपासण्या होईपर्यंत ठेवायचं आहे. माझा सल्ला एवढाच की दोन महिन्यांची खिडकी उघडली की लगेच वेळ घ्या. उरलेले आठवडे अडचणींसाठी हाताशी राहतात.

भाडेकरू दार उघडत नसेल तर

अडचणींतली ही नेहमीची. कुणी कामात असतो, कुणी गावाला गेलेला, कुणाला घरात परका माणूस नको असतो. घरमालकाला कुलूप तोडून किंवा जबरदस्तीने आत जाता येत नाही. कायदा त्याच्याकडून ‘सर्व वाजवी प्रयत्न’ मागतो. लेखी कळवा, ही तपासणी कायद्याने आवश्यक आहे आणि ती त्यांच्याच जिवासाठी आहे हे समजावून सांगा, त्यांच्या सोयीची वेळ विचारा, आणि प्रत्येक पत्राची, फोनची, फुकट गेलेल्या भेटीची तारीखवार नोंद ठेवा. निदान तीनदा प्रयत्न केल्याचं दाखवता यावं, अशी रीत आहे. करारातच तपासणीसाठी प्रवेशाचं कलम टाकलेलं असलं तर बोलणं सोपं जातं.

दोष निघाला तर

गंभीर दोषाला इंजिनिअर ‘तत्काळ धोकादायक’ किंवा ‘जोखमीचं’ अशा दोन वर्गांत टाकतो, उपकरणावर इशाऱ्याची पट्टी लावतो आणि परवानगी घेऊन ते बंद करतो. नोंदणीकृत माणसाकडून दुरुस्ती होईपर्यंत ते कुणीही चालू करायचं नाही. भाडेकरूचा आग्रह असो की घरात पाहुणे असोत. तोपर्यंत घरमालकाने विजेचे हीटर द्यावेत. थंडीत लहान मूल असलेल्या घराला नुसतं ‘थांबा’ म्हणणं माणुसकीचं नाही.

तपासणी टाळली तर कारवाई करणारी मुख्य यंत्रणा म्हणजे हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, म्हणजेच एचएसई. दंडाला वरची मर्यादा नाही आणि तुरुंगवासही होऊ शकतो. कुणाचा जीव गेला तर मनुष्यवधाचा खटला उभा राहू शकतो. इंटरनेटवरच्या जुन्या माहितीत ‘नोंदपत्र दिलं नाही तर कलम २१ ची, म्हणजे कारण न देता घर खाली करायला सांगणारी, नोटीस देता येत नाही’ एवढ्यावरच भर दिसतो. इंग्लंडमध्ये ते कलमच २०२५ च्या रेंटर्स राइट्स कायद्याने १ मे २०२६ पासून रद्द केलं आहे. तपासणीचं बंधन मात्र होतं तसंच आहे.

भाडेकरू असाल तर

किल्ली घेण्याआधी नोंदपत्र मागा आणि तारीख बघा. ज्योत निळीऐवजी पिवळट, लवलवती दिसली, उपकरणाभोवती काजळीचे डाग दिसले, खिडक्यांवर नेहमीपेक्षा जास्त दव साचलं किंवा घराबाहेर पडल्यावर डोकेदुखी थांबते असं जाणवलं, तर तपासणीची वाट बघू नका. उपकरण बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर या आणि ०८०० १११ ९९९ या गॅस आणीबाणीच्या मोफत क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो. त्रास होत असेल तर डॉक्टरांना कार्बन मोनॉक्साइडचा संशय स्पष्ट सांगा.

१ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये, राहण्याच्या ज्या खोलीत बॉयलर किंवा गॅस फायरसारखं कायमचं बसवलेलं ज्वलन उपकरण आहे, तिथे घरमालकाने कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं बंधनकारक आहे. स्वयंपाकाच्या शेगडीला हा नियम लागत नाही. तरीही स्वयंपाकघरात फक्त शेगडी असेल तर स्वतः एक अलार्म घ्या. तो फार महाग नसतो.

घरमालक टाळाटाळ करत असेल तर आधी लेखी विचारा, मग एचएसईच्या संकेतस्थळावर तक्रारीचा फॉर्म भरा. कौन्सिलकडेही जाता येतं.

भारतात बसून घर सांभाळणाऱ्यांसाठी

एजंट नेमला म्हणून जबाबदारी संपत नाही. करारात तपासणी कोण ठरवणार, नोंदपत्र भाडेकरूला कोण देणार आणि दुरुस्तीचा खर्च किती रकमेपर्यंत तुम्हाला न विचारता करायचा, हे स्पष्ट लिहून घ्या. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. धोकादायक ठरलेला बॉयलर तुमच्या उत्तराची वाट बघत आठवडाभर बंद पडून राहू नये. एजंट फक्त भाडेकरू शोधून देणारा असेल, देखभाल करणारा नसेल, तर तपासणी तुम्हालाच लावावी लागेल. तेव्हा तिथला एक नोंदणीकृत इंजिनिअर आणि चावी ठेवणारं विश्वासाचं माणूस आधीच ठरवून ठेवा. दर वर्षी नोंदपत्राची पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर मागवा आणि इंजिनिअरचा क्रमांक रजिस्टरच्या संकेतस्थळावर पडताळा. ते काम पुण्यात बसूनही दोन मिनिटांत होतं.