ल्युबेच परिषद

ल्युबेच परिषद ही कीव्हच्या रूस राज्यातील रूरिक घराण्याच्या राजपुत्रांनी १०९७ साली नीपर नदीकाठी, ल्युबेच येथे भरवलेली बैठक होय. घराण्यातील भाऊबंदकी मिटवणे आणि पोलोव्हत्सी या भटक्या टोळ्यांविरुद्ध एकजूट करणे, हे तिचे उद्दिष्ट होते.

कलहाचे मूळ वारसाहक्कात होते. कीव्हचा राजा यारोस्लाव्ह सुज्ञ १०५४ मध्ये वारल्यावर कीव्हची गादी थोरल्याकडून धाकट्या भावाकडे जावी, असा प्रघात पडू लागला. त्यामुळे काका आणि पुतणे दोघेही स्वतःला हक्कदार समजत, आणि ज्याचा बाप गादीवर न बसताच मेला त्याच्या वाट्याला बहुधा काहीच येत नसे. यारोस्लाव्हच्या मागे राहिलेल्या मुलांतील थोरला इझ्यास्लाव्ह याला १०७३ मध्ये सख्ख्या भावांनीच हुसकावले. १०७८ मध्ये पुतण्यांविरुद्धच्या लढाईत तो मारला गेला. पुतण्यांपैकी ओलेगने तर १०९४ मध्ये पोलोव्हत्सींनाच सोबत घेऊन चेर्निगोव्ह जिंकले.

ल्युबेचला कीव्हचा श्व्यातोपोल्क, व्लादिमीर मोनोमाख, ओलेग व त्याचा भाऊ दाविद, व्होलिनचा दाविद इगोरेविच आणि तेरेबोव्हलचा वासिल्को असे सहा राजपुत्र जमले. प्रत्येकाने आपल्या वडिलांचा मुलूख राखावा, असे ठरले. कीव्ह श्व्यातोपोल्ककडे, चेर्निगोव्ह श्व्यातोस्लाव्हच्या मुलांकडे, म्हणजे ओलेग व त्याचा भाऊ दाविद यांच्याकडे, आणि पेरेयास्लाव्हल मोनोमाखकडे राहिले. क्रुसाचे चुंबन घेऊन सर्वांनी शपथ वाहिली.

ही शपथ त्याच वर्षी मोडली. वासिल्को मोनोमाखशी संगनमत करीत असल्याचा संशय दाविद इगोरेविचने श्व्यातोपोल्कच्या मनात भरवला. परतीच्या वाटेवर वासिल्कोला कीव्हमध्ये बोलावून कैद करण्यात आले आणि शहराबाहेर नेऊन त्याचे डोळे काढण्यात आले. इतिवृत्तातील हे वर्णन आजही वाचवत नाही: छातीवर फळ्या टाकून त्याला दाबून धरले होते, आणि श्व्यातोपोल्कच्या मेंढपाळाचा पहिला वार चुकून चेहराच चिरला गेला. बेशुद्धावस्थेत गाडीतून नेताना वाटेत एका पाद्र्याच्या बायकोने त्याचा रक्ताळलेला सदरा धुतला. शुद्धीवर आल्यावर, तो का काढला, त्याच सदऱ्यात मी देवापुढे उभा राहिलो असतो, असे तो म्हणाला. राजपुत्रांमध्ये असे पूर्वी कधी घडले नव्हते, या मोनोमाखच्या उद्गारावरून समकालीनांना बसलेला धक्का कळतो.

श्व्यातोपोल्कने पुढे वासिल्कोच्या मुलखावरही चाल केली. १०९९ च्या रोझ्ने येथील लढाईत आंधळा वासिल्को, श्व्यातोपोल्कने चुंबन घेतलेला तोच क्रूस उंचावून उभा राहिला, आणि त्याच्या पक्षाचा जय झाला. ११०० मध्ये वितिचेव्ह येथील बैठकीत दाविद इगोरेविचकडून व्लादिमीर-व्होलिन्स्की हे शहर काढून घेऊन त्याला लहान नगरे देण्यात आली. श्व्यातोपोल्क मात्र कीव्हच्या गादीवर कायम राहिला.

तरीही ल्युबेचचा निर्णय पूर्ण वाया गेला असे म्हणता येत नाही. चेर्निगोव्ह आणि गालिच प्रदेशांत वडिलोपार्जित राजघराणी त्याच तत्त्वावर रुजली. पोलोव्हत्सींविरुद्धची संयुक्त मोहीमही ११०३ मध्ये यशस्वी झाली. कीव्हपुरते मात्र हे तत्त्व टिकले नाही: १११३ मध्ये श्व्यातोपोल्क वारल्यावर शहरात दंगल उसळली, आणि कीव्हकरांनी त्याच्या मुलाला डावलून मोनोमाखला गादीवर बोलावले.