गादी सरकली आहे की नळी अरुंद झाली आहे?

कमरेतून निघालेली कळ पायात उतरते, पोटरीला मुंग्या येतात, तळवा बधिर होतो. एवढं सांगितलं की बहुतेकांना एकच उत्तर मिळतं, "मणक्यात नस दबली आहे." उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. नस कशामुळे दबली आणि कोणत्या स्थितीत जास्त दबते, हे त्यातून कळत नाही. उपचार मात्र त्यावरच ठरतो.

नस दबण्याची दोन मोठी कारणं नेहमी एकमेकांत मिसळली जातात. एक म्हणजे गादी सरकणं, अर्थात स्लिप डिस्क. दुसरं म्हणजे कण्यातली नळी अरुंद होणं, ज्याला डॉक्टर लंबर कॅनाल स्टेनोसिस म्हणतात.

कमरेत पाच मणके असतात आणि दर दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. तिची कड चिवट तंतूंची आणि आतला गर मऊ. गादीच्या मागे मणक्यांच्या कमानींनी बनलेली नळी असते. मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली नळीत उतरतो तो पायांकडे आणि मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा.

'गादी सरकली' हा शब्दच फसवा आहे. गादी काही जागची हलत नाही. तिची कड चिरते, आतला गर मागे येतो आणि शेजारच्या नसेला टेकतो. त्या गरामुळे नसेला सूजही येते, म्हणून दाब थोडा असला तरी ठणका भयंकर असू शकतो. जे सरकलेलंच नाही ते झटका देऊन 'जागेवर बसवून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती कंबर देऊ नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

हा त्रास बहुधा तिशी ते पन्नाशीत होतो आणि बऱ्याचदा अचानक सुरू होतो. तो सहसा एकाच पायात असतो. वाकलं, बराच वेळ बसलं, खोकलं किंवा शिंकलं की कळ वाढते. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला, तर तीच कळ पोटरीपर्यंत धावते.

नळी अरुंद होण्याचं चित्र जवळजवळ उलटं असतं. साठीनंतर गाद्या चेपतात, मणक्यांचे छोटे सांधे जाडावतात, नळीच्या मागचा अस्थिबंध फुगतो. हे सगळं सावकाश, वर्षानुवर्षं चालतं. ताठ उभं राहिलं की नळी आणखी आवळते आणि पुढे वाकलं की थोडी मोकळी होते. म्हणून अशी माणसं बसलेली असताना अगदी ठीक असतात. दहा मिनिटं चालली की दोन्ही पाय भरून येतात, जड होतात, आणि कुठेतरी टेकावंच लागतं. सामानाच्या ट्रॉलीवर रेलून त्यांना बरंच चालता येतं, सायकलही चालवता येते, कारण दोन्हीत कंबर पुढे झुकलेली असते. अनेक घरांत याला 'वय झालं' म्हणून सोडून दिलं जातं. चालणं कमी होत होत माणूस घरातच बसतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

चालताना पाय दुखण्याचं आणखी एक कारण म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होणं. त्यात नुसतं उभं राहिलं तरी कळ थांबते. स्टेनोसिसमध्ये उभं राहून भागत नाही, बसावं किंवा वाकावं लागतं. म्हणून पावलावरची नाडी तपासणं महत्त्वाचं आहे.

मग एमआरआय कशाला? लक्षणं आणि चित्र जुळतं का, हे पाहायला. नुसत्या अहवालावर विसंबू नये. काहीच दुखत नसलेल्या लोकांचे अहवाल एकत्र तपासणारा एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या.

सरकलेल्या गादीचा पायातला ठणका बहुतेकांचा सहा ते बारा आठवड्यांत ओसरतो. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं, आणि मोठा तुकडाही पुष्कळदा विरून जातो. तोवर वेदनाशामक गोळ्या, फिजिओथेरपी, झेपेल तेवढी हालचाल. अंथरुणाला खिळून राहू नये. कळ सोसवेनाशी झाली किंवा थांबूनही ओसरली नाही, तर शस्त्रक्रियेने पाय लवकर मोकळा होतो. नेदरलँड्समधल्या २००७ च्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेले आणि आधी वाट पाहिलेले रुग्ण वर्षभरानंतर साधारण सारख्याच स्थितीत होते. वाट पाहणाऱ्यांपैकी काहींना मात्र पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली.

अरुंद झालेली नळी आपोआप रुंद होत नाही. तरी ती दरवर्षी बिघडतेच असंही नाही, अनेकांचा त्रास वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. थांबत थांबत चालणं, सायकल आणि पुढे झुकण्याचे व्यायाम यांनी निभावतं. चालणं अगदीच आक्रसलं, तर दाबणारं हाड आणि अस्थिबंध काढून नळी मोकळी करतात. मणके स्क्रूंनी जोडायचे म्हटलं तर कशासाठी, हे जरूर विचारावं. स्वीडनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नळी मोकळी करण्याला मणके जोडण्याची भर घातल्याने दोन वर्षांनी अधिक फायदा दिसला नव्हता. मणका खरोखर डळमळीत असेल तर गोष्ट वेगळी.

व्यायामातही हाच फरक आहे. कंबर मागे वाकवण्याने सरकलेल्या गादीच्या कितीतरी रुग्णांना आराम पडतो, पण त्याच व्यायामाने अरुंद नळीच्या माणसाचे पाय बधिर होऊ शकतात. दुसऱ्याला लागू पडलेला व्यायाम म्हणूनच उचलू नये. डॉक्टरांकडे जाताना बसल्यावर वाढतं की चालल्यावर, आणि कशाने थांबतं, हे लिहून न्यावं.

जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा शौचावरचा ताबा गेला, तर कारण शोधत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तिथे उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं. एका पायाचा चवडा अचानक उचलेनासा झाला, तरीही आठवडे मोजत थांबू नये.