आफ्रिकान्स बातम्यांचा खर्च कोण उचलतो?

दक्षिण आफ्रिकेत टीव्ही उशिराच आला, 5 जानेवारी 1976 ला. इंग्रजी कार्यक्रमांच्या लोंढ्यात आफ्रिकान्स (डचमधून घडलेली तिथली भाषा) वाहून जाईल, या धास्तीने तो अनेक वर्षं अडवून धरला होता. एसएबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं एकच चॅनल सुरू झालं तेव्हा वेळ निम्मी-निम्मी वाटली गेली: आज आधी इंग्रजी, उद्या आधी आफ्रिकान्स. ही वाटणी तेव्हाच्या गोऱ्या सत्तेने केलेली होती. जाहिराती आल्या त्या 1978 मध्ये.

1994 मध्ये सत्ता बदलली, अधिकृत भाषा 11 झाल्या. फेब्रुवारी 1996 च्या फेररचनेत आफ्रिकान्सच्या वाट्याला एसएबीसी 2 वरचा मोजका वेळ उरला. संख्येच्या न्यायाने हे चुकीचं नव्हतं, पण खरी अडचण हिशोबात आहे.

बातमीपत्राचा खर्च प्रेक्षक मोजून ठरत नाही. वार्ताहर, कॅमेरा, संपादन, स्टुडिओ यांना वीस लाख लोकांसाठीही तेवढेच पैसे लागतात. जाहिरातदाराला मात्र ठाऊक असतं की आफ्रिकान्स घरातल्या बहुतेकांना इंग्रजी कळतं. मग त्याच घरासाठी वेगळे पैसे का मोजायचे? बघणारे किती हे तो मोजतो, आपल्या भाषेची ओढ किती हे नाही. वर्षाला 265 रँडचं (रँड हे तिथलं चलन) टीव्ही परवाना शुल्कही भाषा बघत नाही, आणि ते पुष्कळजण भरतच नाहीत.

कात्री आधी वार्ताहरावर चालते. मग इंग्रजी चमूने आणलेल्या चित्रणावर आफ्रिकान्स निवेदन चढवलं जातं. शेतमजूर स्वतः आफ्रिकान्स बोलणारा, पण प्रश्न इंग्रजीत विचारले म्हणून तो अडखळत इंग्रजीत उत्तर देतो आणि खाली आफ्रिकान्स उपशीर्षकं येतात. प्रेक्षकाला हे लगेच खटकतं. तो दुसरीकडे वळतो, आकडा घसरतो आणि पुढच्या कपातीला कारण मिळतं.

1999 मध्ये आलेल्या कायकनेट या सशुल्क चॅनलने हे गणित उलटवलं. वर्गणीत भाषेची ओढही वसूल होते. त्यांच्यासाठी ई-नुस हे आफ्रिकान्स बातमीपत्र ई-टीव्ही या खासगी वाहिनीच्या वृत्तकक्षाने तयार केलं. तिथे इंग्रजी बातम्यांची यंत्रणा आधीच उभी होती, त्यामुळे वाढीव खर्च मुख्यतः आफ्रिकान्स माणसांचा. आमच्या मते टिकाऊ वाट हीच, फक्त ती सगळ्यांपर्यंत जात नाही. 2011 च्या जनगणनेत आफ्रिकान्स मातृभाषा असलेले 13.5 टक्के होते आणि त्यांतले सुमारे निम्मे 'कलर्ड' (मिश्र वंशाचे) म्हणून नोंदलेले. नॉर्दर्न केप प्रांतात तर निम्म्याहून अधिक लोकांची ही भाषा. यांतल्या ज्या घरांना वर्गणी परवडत नाही, त्यांच्यासाठी एसएबीसीचं फुकट बातमीपत्र हेच मुख्य बातमीपत्र आहे.