बॉम्बर विमानदलांचे कंत्राटी प्रशिक्षण

बॉम्बर विमानावर नेमणूक झालेल्या वैमानिकांना, नॅव्हिगेटरांना (मार्ग ठरवणाऱ्यांना) आणि शस्त्रप्रणाली अधिकाऱ्यांना वर्गातले व सिम्युलेटरवरचे (जमिनीवरच विमानाचा अनुभव देणाऱ्या यंत्रावरचे) शिक्षण खाजगी कंपनीच्या नागरी प्रशिक्षकांकडून देण्याची पद्धत. ती प्रामुख्याने अमेरिकी हवाई दलात रुजली. बी-५२ चे शिक्षण लुइझियानातील बार्क्सडेल तळावर, बी-१बी चे टेक्सासमधील डायेस येथे आणि बी-२ चे मिसुरीतील व्हाइटमन येथे चालते. जमिनीवरचे बरेचसे शिकवणे कंत्राटदाराकडे, हवेतले गणवेशातल्या प्रशिक्षकाकडे, अशी कामाची ढोबळ वाटणी असते. अभ्यासक्रमाला मंजुरी आणि अखेरची उड्डाण-परीक्षा मात्र हवाई दलाच्याच हाती राहते, आणि या पद्धतीवर भरवसा ठेवता येतो तो त्यामुळेच.

या पद्धतीची मुळे न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात सापडतात. कारखानदाराचा मुलगा एडविन लिंक याने ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून १९२९ च्या सुमारास जमिनीवरच डोलणारे, वळणारे सरावाचे लाकडी विमान तयार केले. सुरुवातीला जत्रेतल्या करमणुकीपलीकडे त्याला फारसे कोणी महत्त्व दिले नाही. १९३४ मध्ये अमेरिकेतली हवाई टपालवाहतूक लष्करी वैमानिकांकडे सोपवली गेली. ढगांत आणि अंधारात केवळ उपकरणे पाहून उडण्याचा सराव नसल्यामुळे काही आठवड्यांत दहाहून अधिक वैमानिक दगावले. त्यानंतर लष्कराने लिंककडून पहिली सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी दहा हजारांवर यंत्रे बनली. त्याच काळात अमेरिकी लष्करी हवाई दलाचे प्रमुख हॅप अर्नोल्ड यांनी प्राथमिक उड्डाणशिक्षण नागरी शाळांना कंत्राटाने दिले होते.

बॉम्बरच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे ठरले ते लिंकचे ताराप्रशिक्षण यंत्र, म्हणजे ताऱ्यांवरून मार्ग शोधायला शिकवणारे यंत्र. अटलांटिक ओलांडणाऱ्या बॉम्बर दलांसाठी ब्रिटिशांनी ते मागितले होते. सुमारे ४५ फूट उंच, धान्याच्या कोठारासारख्या गोल इमारतीत ते उभे असे. वर घुमटात सरकणारे तारे, खाली पडद्यावर सरकणारी जमीन आणि मध्ये वैमानिक, नॅव्हिगेटर व बॉम्ब टाकणारा असे एकत्र बसलेले. सबंध दलाला एकाच चुकीचे परिणाम एकत्र भोगू देणे ही त्यातली खरी नवी गोष्ट. आजच्या बॉम्बर सिम्युलेटरचा गाभाही तोच आहे.

बी-५२ मध्ये पाच जण बसतात. वरच्या मजल्यावर पुढे दोन वैमानिक आणि मागे, विमानाच्या पुढच्या टोकाकडे पाठ करून बसलेला इलेक्ट्रॉनिक युद्ध अधिकारी, म्हणजे शत्रूची रडारे ओळखून त्यांना चकवणारा. खालच्या बिनखिडकीच्या कप्प्यात रडार नॅव्हिगेटर आणि नॅव्हिगेटर. विमान सोडायची वेळ आली तर वरच्या तिघांची आसने वर फेकली जातात, खालच्या दोघांची खाली. म्हणजे खालच्यांना जीव वाचवायला पायाखाली पुरेशी उंची लागते, आणि ‘बाहेर पडा’ हा हुकूम देणाऱ्याला ते क्षणात लक्षात घ्यावे लागते. हे वर्गात फळ्यावर समजते. अंगवळणी पडते ते मात्र सिम्युलेटरमध्ये, आगीचा दिवा दहाव्यांदा पेटल्यावर.

उतरण्याची गोष्टही तशीच. या विमानाची मुख्य चाके पोटाखाली पुढे-मागे आहेत आणि बाजूचा वारा असेल तर ती वीस अंशांपर्यंत वळवता येतात. त्यामुळे विमानाचे नाक धावपट्टीच्या एका कडेकडे आणि धाव मात्र सरळ, असे दृश्य वैमानिकाला समोर दिसते. आधी लहान विमानांवर शिकलेला हात अशा वेळी नाक सरळ करायला धावतो. ती सवय मोडण्याची जागा जमिनीवरच असावी.

इलेक्ट्रॉनिक युद्ध अधिकाऱ्याला तर सिम्युलेटरशिवाय पर्यायच थोडे. शत्रूचे रडार शांततेच्या आकाशात भेटत नाही; आणि खरे जॅमिंग (रडार गोंधळवणाऱ्या लहरी सोडणे) कुठेही सुरू केले तर नागरी यंत्रणांना त्रास होतो, शिवाय ऐकणाऱ्याला आपले गुपित आयते मिळते. अण्वस्त्रांच्या कार्यपद्धतीचा सरावही अर्थातच असाच करावा लागतो. बी-२ विमाने बांधलीच २१ गेली. त्यांतले एक २००८ मध्ये ग्वाममध्ये उड्डाणाच्या वेळी, संवेदकांत ओल शिरून संगणकाला चुकीची माहिती गेल्याने कोसळले. दोन्ही वैमानिक बचावले. इतक्या थोड्या विमानांवर चुका करत शिकणे परवडत नाही.

नागरी प्रशिक्षक बहुधा त्याच विमानावर वर्षानुवर्षे उडालेले निवृत्त अधिकारी असतात. गणवेशातल्या प्रशिक्षकाची दर काही वर्षांनी बदली होते, हे मात्र तिथेच राहतात. कंत्राट एका कंपनीकडून दुसरीकडे गेले तरी अनेकदा माणसे तीच राहतात, गळ्यातले ओळखपत्र तेवढे बदलते. काही कंत्राटांत विद्यार्थी ठरलेल्या पातळीला पोहोचला नाही तर जादा शिकवणी कंपनीने आपल्या खर्चाने द्यावी अशी हमी असते. ही अट चांगली आहे, पण परीक्षक कंपनीपासून स्वतंत्र असेल तरच तिला अर्थ उरतो.

भारताकडे कॅनबेरा ही बॉम्बर विमाने १९५७ पासून २००७ पर्यंत होती. पुण्याच्या लोहगाव तळावरूनही ती उडत. त्यांचे प्रशिक्षण हवाई दल स्वतःच देई. कंत्राटी सिम्युलेटर आपल्याकडे आले ते मालवाहू विमानांसाठी: सी-१७ चे केंद्र बोइंग आणि महिंद्र यांनी २०१६ मध्ये गुडगावात सुरू केले.

या पद्धतीची सर्वांत मोठी अडचण म्हणजे विमान बदलते आणि सिम्युलेटर मागे राहतो. विमानात नवे रडार बसले आणि वर्गात जुनाच पडदा असला, तर विद्यार्थी चुकीची सवय घेऊन वर जातो. शेवटचे बी-५२ कारखान्यातून १९६२ मध्ये बाहेर पडले. आता त्याला रोल्स-रॉइसची आठ नवी इंजिने आणि नवे रडार बसवण्याचे काम सुरू आहे, आणि ते २०५० नंतरही उडवायचे आहे. जुनी आणि बदललेली, दोन्ही प्रकारची विमाने काही वर्षे शेजारी-शेजारी उभी राहतील, तेव्हा दोन्हींचे सिम्युलेटरही शेजारी-शेजारी चालवावे लागतील.