नोरा कुणाबरोबर पळून गेली नव्हती
सोलापुरात, बाळीवेशीत आम्ही मैत्रिणी पुस्तकांवर बोलायला बसलो की कुणीतरी म्हणतंच, ‘इब्सेनची नोरा दुसऱ्यासाठी घर सोडून गेली.’ साफ चुकीचं! नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या १८७९च्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकात ती एकटीच निघते. आजारी नवऱ्याला वाचवायला तिने कर्ज काढलं, वडिलांची खोटी सही केली. सहीखाली तारीख पडली वडील गेल्यानंतर तीन दिवसांची. म्हणजे गुन्हाही घरासाठीच. ते उघड झाल्यावर नवऱ्याला फक्त स्वतःची अब्रू दिसते, तेव्हा ती अंगठी परत करते. मुलांसाठी थांबणारी नोराही आहे, पण तो शेवट इब्सेनने जर्मन रंगभूमीसाठी नाइलाजाने लिहिला. आणि हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतली विधवा यमू? ती घरातच राहिली, तरी तिचं केशवपन घरच्यांनीच जबरीने केलं.