विद्यार्थ्याला दिसलेली तिरपी रेघ

‘अवकाशातून पुन्हा गूढ संदेश!’ असा मथळा अधूनमधून झळकतो आणि सोबत मोठ्या डोळ्यांच्या परग्रहवासीयाचं चित्र ठरलेलं असतं. हे ‘संदेश’ म्हणजे फास्ट रेडिओ बर्स्ट, अवकाशातून येणारे रेडिओ लहरींचे क्षणिक स्फोट. पहिला सापडला तो अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डेव्हिड नार्केविक या पदवीच्या विद्यार्थ्याला. प्रा. डंकन लॉरिमर यांनी त्याला ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीच्या २००१ सालच्या नोंदी तपासायला दिल्या होत्या. शोध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

रेडिओ लहरींचा हा स्पंद पाच मिलिसेकंदांहूनही छोटा होता, पण वेळ आणि वारंवारतेच्या आलेखावर त्याची रेघ तिरपी पडली होती. जास्त वारंवारतेच्या लहरी आधी आल्या होत्या, कमी वारंवारतेच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद उशिरा. सगळी गंमत या तिरपेपणात आहे.

अवकाश पूर्ण रिकामं नसतं, त्यात सुटे इलेक्ट्रॉन विखुरलेले असतात. रेडिओ लहर त्यांना हलवते, हलणारे इलेक्ट्रॉन स्वतःही लहरी सोडतात, त्या मूळ लहरीत मिसळतात आणि स्पंदाची वाटचाल किंचित मंदावते. लहर कमी वारंवारतेची असेल तर प्रत्येक आंदोलनात इलेक्ट्रॉनला हलायला जास्त वेळ मिळतो. वारंवारता निम्मी झाली की त्याची हालचाल चौपट होते आणि उशीरही चौपट. म्हणजेच उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. त्यामुळे रेघेच्या वळणावरून वाटेतले इलेक्ट्रॉन मोजता येतात. या स्पंदासाठी, उगमापासून आपल्यापर्यंतच्या एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या सरळ नळीत एकावर एकवीस शून्यं इतके! आपल्या आकाशगंगेतले इलेक्ट्रॉन या हिशेबाला अजिबात पुरत नव्हते. उगम तिच्या बाहेर, खूप दूर असणार.

शंका घेणारेही होते, आणि तेच योग्य. पार्क्सलाच पुढे असे तिरपे संकेत मिळाले, तेही नेमके कामाच्या वेळेत. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ या पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीने सहकाऱ्यांसह गुन्हेगार पकडला: वेधशाळेतला मायक्रोवेव्ह ओव्हन. बंद होण्याआधीच कुणी दार उघडलं की तो असा संकेत सोडायचा. मात्र ते संकेत दुर्बिणीच्या तेराही शलाकांत (आकाशाचे वेगवेगळे तुकडे एकाच वेळी पाहणाऱ्या झोतांत) एकदम उमटत. नार्केविकचा स्पंद फक्त तीन शलाकांत होता, म्हणून तो या आरोपातून सुटला. परग्रहवासीयांवर घाईने विश्वास ठेवणाऱ्यांनी आधी स्वयंपाकघर तपासावं.

अशा एका स्फोटाचा पत्ताही पुढे लागला. २०१७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ श्रीहर्ष तेंडुलकर यांनी सहकाऱ्यांसह त्याची दीर्घिका ओळखली: खुजी, जवळजवळ तीन अब्ज प्रकाशवर्षं दूर. अंतर स्वतंत्रपणे कळलं की तोच तिरपेपणा उलटा वापरता येतो, दीर्घिकांमधल्या अवकाशात किती पदार्थ आहे ते मोजायला. विश्वातल्या साध्या, म्हणजे अणूंच्या घटकांनी बनलेल्या, पदार्थापैकी निम्म्याच्या आसपासचा हिशेब बरीच वर्षं लागत नव्हता. २०२० मध्ये मोजक्या स्फोटांच्या रेघांवरून तो जुळला. तो पदार्थ दीर्घिकांच्या मधल्या जागेत विरळ पसरलेला होता.