बाहुलीच्या वासावर जाऊ नका

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेला होम मैदानावर गड्डा भरतो, तेव्हा खेळण्यांच्या स्टॉलपुढे आईवडील मऊ बाहुली नाकाशी धरून हुंगताना दिसतात. उग्र वास आला तर विषारी, नाही आला तर चांगली! ही परीक्षा साफ चुकीची आहे. ज्याची काळजी करायची, त्या डीईएचपीला, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट कुळातल्या रसायनाला, जवळजवळ वासच नसतो.

पीव्हीसी मुळात कडक; पाण्याचे पाइप त्याचेच. बाहुली मऊ व्हावी म्हणून त्यात डीईएचपीसारखा तेलकट प्लास्टिसायझर घालतात, कधी कधी वजनाच्या ३०-४० टक्के. त्याचे रेणू पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात, पण साखळीशी रासायनिक बंध जोडत नाहीत. आपली शेंगाचटणी कागदात बांधली की तेल कागदावर उतरतं, तसे तेही बाहेर येतात. उष्णतेने हा वेग वाढतो, आणि सोलापूरचा उन्हाळा सांगायला नको. बाळाने खेळणं चघळलं की ते लाळेत उतरतात. गाभण उंदरांना डीईएचपी दिल्यावर नर पिल्लांच्या जननेंद्रियांच्या वाढीत बिघाड दिसला आहे. म्हणूनच युरोपने खेळण्यांत त्याची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का ठेवली.

तपासणीसाठी खेळण्याचा मऊ भाग बारीक कापून टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये विरघळवतात. मग हेक्झेन ओतला की पीव्हीसीचा साका खाली बसतो, थॅलेट द्रावणात राहतात. हे द्रावण गॅस क्रोमॅटोग्राफच्या लांबलचक, अतिशय बारीक नळीतून जातं. पुढे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे तुकड्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात, रेणूंवर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो, आणि इथेच रसायनशास्त्राचं खरं देखणेपण आहे. थॅलेटच्या गाभ्याला जोडलेल्या कार्बन साखळ्यांच्या दोन्ही शेपट्या तुटतात आणि विद्युतभारित गाभा उरतो: आठ कार्बन, पाच हायड्रोजन, तीन ऑक्सिजन. अणुभारांची बेरीज करून बघा, ९६ + ५ + ४८ = १४९. शेपट्या आखूड असोत की लांब, बहुतेक थॅलेट हा १४९ चा तुकडा देतात. आलेखावर १४९ उंच उभा राहिला की थॅलेटचा संशय पक्का.

पण कोणता थॅलेट? डीईएचपी आणि डीएनओपी, दोघांचं रेणुवस्तुमान ३९०. दोघेही १४९ देतात, २७९ सुद्धा देतात. फरक एवढाच की डीईएचपीच्या शेपटीला फाटा आहे, डीएनओपीची सरळ आहे. सरळ शेपटीवाला नळीत जास्त रेंगाळतो, म्हणून निवाडा बाहेर पडण्याच्या वेळेवर होतो. डीआयएनपी हा आणखी एक थॅलेट तर अनेक समघटकांचं (सूत्र एकच, रचना वेगळी) मिश्रण, त्याचं एक टोकदार शिखर न येता पसरट उंचवटा येतो; तिथे २९३ चा तुकडा मोजतात. शेवटी प्रमाण ठाऊक असलेल्या नमुन्यांशी तुलना करून टक्केवारी काढतात.

‘केमिकल-फ्री’ छापलेल्या खोक्याला भुलू नका. लाकूडसुद्धा रसायनांचंच असतं. असा शिक्का म्हणजे निव्वळ जाहिरात. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे आणि आयएस ९८७३ मानकाचा नववा भाग थॅलेटांसाठीच आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघा, आणि तो नसेल तर दात येणाऱ्या बाळासाठी ती मऊ बाहुली घेऊ नका.